गालावरचा डाग

हर्च्कांच्या घरात नाणं आधी लहान माणसाने बघायचं आणि तोंडही आधी लहान माणसानेच उघडायचं, असा नियम होता. मोठा आधी बोलला की धाकटा मोठ्याच्या डोळ्यांनी बघायला लागतो, मग दोन माणसं कशाला बसवायची, एकच बसवा, असं वेंडेलीन हर्च्का म्हणायचे. टांकसाळीतल्या त्यांच्या गुरूने त्यांना तसंच शिकवलं होतं. त्यामुळे चाळिशी ओलांडलेली त्यांची मुलगी झेल्मीरा, जिने झ्वोलेनच्या शाळेत अर्धं आयुष्य पोरांना रसायनशास्त्र शिकवलं होतं, ती रोज सकाळी उत्तरेच्या खिडकीपाशी बापासमोर बसायची आणि तोंडी परीक्षेला आल्यासारखी बोलायची. "कडेला ओरखडा. मागच्या बाजूला बोटाचा ठसा. राजाचा गाल स्वच्छ. दुसरी प्रत." मग हर्च्का ट्रे स्वतःकडे ओढायचे, डावा डोळा मिटायचे, उजव्या डोळ्याला भिंग लावायचे आणि समोरचा माणूस खुर्चीत चुळबुळ करायला लागेपर्यंत बघत राहायचे. एवढं झाल्यावर जे ठरायचं ते ठरायचं. क्रेम्नित्सा या त्यांच्या गावातलीच काय, पार ब्रनो-बुडापेस्टची माणसंसुद्धा त्यावर वाद घालत नसत.

जुन्या नाण्याची प्रत ठरवायची, आणि नाणं आजारी असेल तर त्याच्यावर उपचार करायचे, असा हा धंदा. तांब्यावर हिरवं धरतं, चांदीवर काळे ठिपके उठतात, सोन्यावरसुद्धा तांबूस डाग पडतात. लोक आपले सोनं म्हणजे सोनं समजून निर्धास्त असतात. पण उपचार हे अगदी शेवटचं. नाण्याचं मूळचं अंग एकदा गेलं की ते कुठल्याच देवाला परत आणता येत नाही, मग ते वरून कितीही चमको. नाणं धुण्याला हर्च्का 'आंघोळ' म्हणायचे आणि आंघोळीच्या बाबतीत त्यांच्याइतका आळशी माणूस शोधून सापडला नसता. आलेली बहुतेक नाणी ते न धुताच परत करायचे. लोकांना वाटायचं म्हातारा कामचुकार आहे.

नाणेसंग्राहक मंडळाचा अध्यक्ष ओतो कुबित्सा याचं मात्र उलटं. हा निवृत्त खाटीक. सुरीला धार लावायची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे वस्तू चमकली नाही तर त्याला चैन पडायचं नाही. एकदा त्याने सम्राट फ्रान्झ योझेफचा चांदीचा फ्लोरिन टूथपेस्ट लावून घासला आणि मोठ्या ऐटीत घेऊन आला.

"काय लावलंस याला?" हर्च्कांनी विचारलं.

"पुदिन्याची, उस्ताद. घरात तीच होती."

"छान. सम्राटाच्या तोंडाला आता वास येणार नाही. नाणं म्हणून मात्र मेलं ते. कोटाला बटण हवं असेल तर लाव."

कुबित्सा पोट धरून हसला होता. तो कशालाच वाईट वाटून घ्यायचा नाही, म्हणूनच दर आठवड्याला येऊ शकायचा.

पहिला डाग उन्हाळ्यात दिसला. ट्रेन्चीनच्या एका वकिलाचं नाणं होतं. झेल्मीरा नियमाप्रमाणे आधी बोलली, गाल स्वच्छ म्हणाली. हर्च्कांनी भिंग लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "गालावर एवढा करडा डाग आहे आणि तू स्वच्छ म्हणतेस? पोरांचे पेपर असेच तपासायचीस का?" तिने पुन्हा पाहिलं. दिवा तिरपा करून पाहिलं, नाणं फिरवून पाहिलं. काही नव्हतं. "मला नाही दिसत, बाबा," ती म्हणाली. त्यांनी ट्रे परत घेतला, परत पाहिलं, आणि वकिलाला डाग असल्याचं कळवलं. वकिलाने नाणं व्हिएन्नाला दाखवलं आणि तिथून ते डाग नसल्याच्या शेऱ्यासह परत आलं. हर्च्का म्हणाले, व्हिएन्नाच्या लोकांना जेवणापुढे काही सुचत नाही.

त्यानंतर जिकडेतिकडे डाग निघू लागले. नेमके गालावर, कारण चेहरा कोरलेलं नाणं हातात आलं की हर्च्का सगळ्यात आधी गालच बघायचे. गाल हा नाण्याचा सगळ्यात उंच भाग, झिजला तर आधी तोच झिजणार. नजर हलवली की डाग सरकायचा, तेव्हा ते म्हणायचे, हा लबाड डाग आहे, उजेडाला लपतो. मग डागाचं कारण शोधणं सुरू झालं. आधी शेजाऱ्याच्या धुराड्यावर आळ आला, कारण तो ओला कोळसा जाळतो. मग कपाटाच्या वार्निशवर, मग झेल्मीराच्या रबरी हातमोज्यांवर. कुबित्सा लसूण खाऊन येतो म्हणून त्याला महिनाभर खिडकीबाहेर उभं राहून बोलावं लागलं. झेल्मीराने सगळ्या कप्प्यांची मखमल उचकटून नवी लावली, पाठ मोडेपर्यंत कपाटं पुसली. डाग काही जाईनात.

तिला उलगडा झाला तो झिआरच्या बसथांब्यावर. वारा सुटला होता आणि हर्च्कांच्या डाव्या डोळ्यात कचरा गेला. त्यावर रुमाल दाबून ते एकट्या उजव्या डोळ्याने वेळापत्रक वाचायला गेले. "बघ, या पोरांनी वेळापत्रकावर डांबर फासलंय. मधलं सगळं काळं करून ठेवलंय. यांना धरून फटकावलं पाहिजे." वेळापत्रक लख्ख होतं. पावणेपाचची बस अगदी मधोमध ठळक अक्षरांत छापलेली होती.

झेल्मीराने एकदा वेळापत्रकाकडे, एकदा बापाच्या उघड्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं. क्षणात सगळं जागच्या जागी बसलं. एरवी दोन्ही डोळे उघडे असतात, डावा उजव्याला सांभाळून घेतो, म्हणून म्हाताऱ्याला चालता-बोलताना, जेवताना, सूप वाढून घेताना काही कळत नाही. भिंग लावताना मात्र डावा मिटतो आणि उजवा एकटा पडतो. डाग नाण्यांवर नव्हताच. आणि तो डाग पुढे काय करतो हे तिने घरातच पाहिलं होतं. हर्च्कांची थोरली बहीण, तेर्काआत्या, हिच्याही डोळ्यात आधी असंच मध्यभागी काळं आलं होतं. आधी उजव्या, मग डाव्या. शेवटची वर्षं ती वृद्धाश्रमात खिडकीपाशी बसून पायांच्या आवाजाकडे तोंड वळवायची आणि विचारायची, "कोण आलंय?"

"बस किती वाजता आहे?" हर्च्कांनी विचारलं.

"पावणेपाचला," ती म्हणाली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं. बान्स्का बिस्त्रित्साच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिने दोनदा वेळ घेतली आणि दोन्ही वेळा स्वतःच फोन करून रद्द केली. वेळेवर आलात तर डोळ्यात औषधाच्या सुया देऊन हे थोपवता येतं, असं फोनवरच्या बाईने सांगितलं होतं, आणि तरीही. आज म्हातारा खुशीत आहे, आज कशाला. आज आधीच चिडलाय, आज तर नकोच. सोमवारी कुणाचं तरी मोठं काम आहे. आणि काय सांगायचं? बाबा, ज्या डोळ्यावर तुम्ही सगळं आयुष्य काढलंत तो गेला? ती शाळेत पोरांना तोंडावर नापास करायची, मुख्याध्यापकांशी भांडायची, नवऱ्याला एका वाक्यात घराबाहेर काढलं होतं तिने. पण बापापुढे तिचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं.

कुबित्साला वास लागलाच. त्याने तिला बेकरीत गाठलं.

"झेल्का, उस्ताद म्हणतात माझ्या नव्या नाण्यावर डाग आहे. मी पाहिलं, बायकोने पाहिलं, कुत्र्याला पण दाखवलं. कुणालाच दिसत नाही."

"कुत्र्याला काय कळतं, काका?"

"माझ्याहून जास्त कळतं." त्याने आवाज उतरवला. "डोळा गेलाय ना त्यांचा?"

ती पाव पिशवीत भरत राहिली.

"सांग त्यांना, पोरी. मी सांगितलं तर मला खिडकीतून खाली फेकतील. तू मुलगी आहेस."

"सांगते."

"कधी?"

"सांगते म्हटलं ना!"

"मुलगी आहेस की रोग्याला खोटा धीर देणारी नर्स?" कुबित्सा म्हणाला. त्याच्या तोंडी असलं बोलणं शोभत नव्हतं, त्यामुळे ते जास्तच लागलं.

सप्टेंबरात एके सकाळी हर्च्कांनी आपण होऊन विषय काढला. डोळ्याचा नाही, धंद्याचा. "नव्या वर्षापासून भिंग तुझ्याकडे," ते म्हणाले. "मी नुसता बाजूला बसेन. तू बघायचंस, मी ऐकायचं. माझं वय झालं आता, चिमटा थरथरतो." झेल्मीराला भरून आलं. शाळा सोडून आल्यापासून चार वर्षं ती या एका वाक्याची वाट बघत होती. पण पाठोपाठ तिच्या मनात आलं, यांना संशय आलाय. स्वतःशी कबूल करता येत नाही म्हणून म्हातारा चिमट्याच्या नावावर खपवतोय. तिने पुढे होऊन त्यांचा हात धरला असता तर कदाचित तिथेच सगळं बोलणं झालं असतं. तिने त्यांना चहा करून दिला.

नोव्हेंबरात मृतात्म्यांच्या दिवशी दोघं टेकडीवरच्या दफनभूमीत गेली. झेल्मीराच्या आईच्या थडग्यावर पिवळी शेवंती ठेवली, दिवे लावले. तेर्काआत्या दोन ओळी पलीकडे होती. तिच्यापाशी हर्च्का जास्त वेळ थांबले. सगळी टेकडी दिव्यांनी भरली होती आणि धुरात मेणाचा वास होता.

"तेर्काला शेवटी सगळे परके झाले होते," ते म्हणाले. "माझ्याशीसुद्धा ती पाहुण्यासारखी बोलायची."

"आजारच तसा होता, बाबा."

"आजार." त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "तसं होण्यापेक्षा..." एवढं म्हणून ते उतार उतरायला लागले.

त्याच आठवड्यात रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी टोलार काढला.

या टोलारबद्दल सांगायला हवं. जो दुसऱ्यांच्या नाण्यांची प्रत ठरवतो त्याने स्वतः नाणी बाळगू नयेत, नाहीतर हात आपल्याच बाजूला झुकतो, असं हर्च्का मानायचे. त्यामुळे तरुणपणी जमवलेलं सगळं त्यांनी विकून टाकलं होतं. एकच ठेवलं. गुरूने मरताना हातात दिलेला मारिया तेरेझियाचा चांदीचा टोलार, याच गावच्या टांकसाळीत पाडलेला, तळहात भरेल एवढा. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला बाळ घेतलेली मरियम. जन्मात कुणी धुतला नाही, पुसला नाही. दोनेकशे वर्षं कुठल्याशा लाकडी खणात पडून त्याच्या कडेला निळं चढलं होतं, आतल्या बाजूला मधासारखं पिवळं, आणि राणीच्या गालावर चांदीचं मूळचं तेज तसंच्या तसं. न धुतलेलं नाणं म्हणजे काय, हे झेल्मीराला त्यांनी यावरच शिकवलं होतं. दर रविवारी ते त्याला खिडकीपाशी नेऊन बघायचे. गेले काही महिने मात्र ते टाळत होते, आणि टाळतात हे दोघांनाही माहीत होतं.

त्या दिवशी त्यांनी भिंग लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. झेल्मीरा भांडी विसळत होती. पाण्याचा आवाज बंद करून तिने मागे वळून पाहिलं.

"गालावर डाग पडलाय," हर्च्का म्हणाले. "याच्यासुद्धा. ये, बघ."

ते आधी बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला आणि तो मोडल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. झेल्मीराने हात पुसले, समोर बसली, भिंग घेतलं. राणीचा गाल आरशासारखा होता. तिने कपाळ पाहिलं, केसांतला मुकुट पाहिला, मान पाहिली, कडेची अक्षरं पाहिली, आणि पुन्हा गालावर आली. काहीही नव्हतं.

मग तिने मान वर केली, आणि तिथेच चुकली. म्हातारा दोन्ही हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत होता. निकालाची वाट बघणारं असं तोंड तिने बापाचं कधी पाहिलं नव्हतं. हो म्हण, असं ते तोंड सरळ सांगत होतं. डाग नाण्यावर असला तर तो जाईल. नाण्यावर नसला तर तो कुठे आहे, हे या खोलीत दोघांनाही कळतं.

"आहे," झेल्मीरा म्हणाली. "बारीकसा."

हर्च्कांनी श्वास सोडला. इतका मोठा की टेबलावरचा कागद हलला. "आहे ना? बघ! मी म्हणत नव्हतो? तुझी नजर तयार होत चाललीये." ते उठले, खोलीतून एक फेरी मारली, चक्क गुणगुणायला लागले. झेल्मीराला इतकं हलकं वाटलं की तिलाही हसू आलं. थोडा वेळ ती दोघं उगाचच आनंदात होती.

"काढू या तो," हर्च्का म्हणाले.

तिचं हसू मावळलं. "नको, बाबा. राहू दे की. तुम्हीच म्हणता, डागाला हात लावू नये."

"बसलेल्या डागाला. हा नवा आहे, हा पसरेल. चांदीवरचं काळं पसरतं, हे मी तुला सांगायला हवं? रसायनाची मास्तरीण तू."

"आधी कुणाला तरी दाखवू. ब्रातिस्लाव्हाला पाठवू."

"तू पाहिलास, मी पाहिला. आणखी कुणाला दाखवायचा? कुबित्साच्या कुत्र्याला?"

आता बोल, असं तिने स्वतःला बजावलं. अजून काही बिघडलेलं नाही. पण आता बोलायचं म्हणजे नुसता डोळा गेला एवढंच सांगायचं नव्हतं, मी आत्ता तुमच्या तोंडावर खोटं बोलले हेही सांगायचं होतं. एकाच्या जागी दोन गोष्टी झाल्या होत्या आणि तिला एकच जड जात होती. ती गेली आणि काचेची भांडी घेऊन आली.

आधी असिटोन. त्याने चांदीला काही होत नाही, नुसता तेलकटपणा जातो. त्यात टोलार बुडाला तेव्हा तिने मनातल्या मनात देवाला नवस केला, यावरच भागू दे. हर्च्कांनी तो काढला, टिपला, भिंग लावलं. "आहे अजून." मग डिस्टिल्ड पाण्यात बराच वेळ. "आहे. हट्टी आहे." मग त्यांनी वरच्या फळीवरची तपकिरी बाटली उतरवली. आंबट पाण्याची. ते चांदीवरचं काळं काढतं, आणि काळ्याबरोबर जे असेल ते सगळं काढतं. त्या घरात ती बाटली वर्षानुवर्षं उघडली जायची नाही.

"बाबा, ते नको." तिने हात पुढे केला. "तुमच्या हाताने नको."

"माझ्याच हाताने. दुसऱ्या कुणाला हात लावू देईन मी याला?" त्यांनी बूच काढलं. नासक्या अंड्यांचा वास सुटला. "तू भांडं धर नीट. कललं की एकीकडेच लागेल."

तिने भांडं धरलं. दोन्ही हातांनी धरलं. कडेचं निळं आधी गेलं, शाई पाण्यात विरघळावी तसं, मग मधाचा रंग गेला. राणी पांढरीफटक होत गेली. दोन शतकांत जे साठलं होतं ते झेल्मीराच्या डोळ्यांदेखत निघून गेलं आणि तिच्या तोंडून थांबा हा एक शब्द बाहेर पडला नाही. हर्च्का चिमट्याने नाणं हलवत होते, डाव्या-उजव्या दोन्ही डोळ्यांनी भांड्यात बघत होते, आणि त्यांना काही खुपत नव्हतं. चांदी उजळते आहे एवढंच त्यांना दिसत होतं.

त्यांनी ते काढून पाण्यात धुतलं, पुन्हा धुतलं, न घासता मऊ कापडावर टिपलं. मग खिडकीपाशी जाऊन डावा डोळा मिटला आणि भिंग लावलं.

"गेला?" त्यांनी विचारलं. नाण्यावरून नजर न काढता विचारलं.

"गेला," ती म्हणाली.

हर्च्कांनी भिंग आणखी जवळ नेलं. त्यांनी नाणं थोडं फिरवलं. मग भिंग नाण्यावरून काढून स्वतःच्या तळहातावर धरलं. मग खिडकीच्या चौकटीवर, मग भिंतीवर. तसेच भिंग धरून ते सावकाश सगळ्या खोलीवरून फिरले, कपाटावरून, दिव्यावरून, आणि शेवटी झेल्मीराच्या तोंडावर येऊन थांबले. तिथेही तो डाग असणारच. तिने नजर खाली घातली.

मग त्यांनी भिंग उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं आणि डाव्या डोळ्याला लावलं. त्या डोळ्याने त्यांनी कधी काम केलं नव्हतं, त्यांना अंतर जमेना, भिंग गालाच्या हाडावर आपटलं. शेवटी जमलं. ते टोलारकडे बघत राहिले. डाव्या डोळ्याला डाग दिसला नाही. बाकीचं सगळं दिसलं.

"डाग होता का, झेल्का?"

"नव्हता." ती रडत होती. "कधीच नव्हता. उन्हाळ्यापासून कुठल्याच नाण्यावर नव्हता, बाबा."

"मग हो का म्हणालीस?"

"तुमचं तोंड बघून."

"मी तुला तोंड नव्हतं दाखवलं," हर्च्का म्हणाले. "नाणं दाखवलं होतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बाटली फोडली असती, तिला घराबाहेर काढलं असतं, तर तिला कुठे तरी जाऊन पडता आलं असतं. ते खुर्चीत बसले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तेर्काला आंधळेपणाचं एवढं नव्हतं. तिला सगळे म्हणायचे, आज बरी दिसतेस, खिडकीबाहेर ऊन पडलंय, सूप गरम आहे. एक दिवस तिला कळलं की बाहेर पाऊस आहे. त्यानंतर ती सूपसुद्धा आधी बोट बुडवून बघायची. माझं बोलणंसुद्धा ती बोट बुडवून बघायची." त्यांनी टोलार कापडात गुंडाळला. "ऊन पडलंय असं तिला मीच सांगितलं होतं."

झेल्मीरा त्यांच्या गुडघ्यांपाशी खाली बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात उबदार होता आणि तिला त्याने काडीचाही धीर आला नाही.

बिस्त्रित्साच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. उजव्याचा मधला भाग गेला, तो परत येणार नाही. डाव्यातही सुरुवात आहे, सुया देऊन बघू, काही महिने आधी आला असतात तर जास्त आशा होती. काही महिने आधी, हे ऐकताना हर्च्कांनी मुलीकडे वळून पाहिलं नाही. परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. झेल्मीराने विचारलं, काही खाणार का, तर म्हणाले, नको. अगदी नीट म्हणाले, परक्या बाईला म्हणावं तसं.

ठरल्याप्रमाणे भिंग तिच्याकडे आलं. नव्या वर्षाची वाट बघायला नको, असं तेच म्हणाले. जागा बदलल्या. आता उत्तरेच्या खिडकीपाशी ती बसायची आणि ते बाजूला, हात मांडीवर ठेवून. नाताळच्या आधी गावात चौकात बाजार भरला होता, दारं उघडली की भाजलेल्या सॉसेजचा वास आत यायचा, तेव्हा कुबित्सा एक नाणं घेऊन आला. या खेपेला त्याने घासलं नव्हतं. मोठ्या अभिमानाने सांगितलं, हातसुद्धा लावला नाही, उस्ताद, लसूणसुद्धा खाल्ला नाही.

झेल्मीराने नाणं घेतलं. तिने इतक्या काळजीने जन्मात काही पाहिलं नव्हतं. पाहून झाल्यावर परत पाहिलं. मालकाच्या तोंडाकडे नाही, बापाच्या तोंडाकडे नाही, नुसत्या नाण्याकडे.

"कडेला जुना ओरखडा," ती म्हणाली. "मागे, अक्षरांच्या खाली, एक काळा ठिपका. गाल स्वच्छ. धुतलेलं नाही. पहिली प्रत."

हर्च्का ऐकत होते. त्यांनी मान हलवली नाही. मग ते कुबित्साच्या आवाजाच्या बाजूला वळले.

"ओतो, भिंग घे. तुला काय दिसतं?"

कुबित्सा हसला. त्याला वाटलं, गंमत करताहेत. "मला? अहो उस्ताद, मी टूथपेस्टवाला माणूस."

"घे म्हणतो ना."

कुबित्साने भिंग घेतलं, आधी उलटं धरलं, मग सुलटं केलं. वाकून वाकून पाहिलं. मग त्याने झेल्मीराकडे एकदा पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"ती म्हणते तसंच आहे, उस्ताद."

"ती काय म्हणते ते सोड. तू काय बघितलंस ते सांग."

"गाल स्वच्छ आहे," कुबित्सा पुटपुटला. "मागे ठिपका आहे. एक."

"ठीक," हर्च्का म्हणाले. "पहिली प्रत."

कुबित्साने भिंग टेबलावर ठेवलं आणि टोपी हातात घेऊन तसाच उभा राहिला. झेल्मीराने त्याचं नाणं पाकिटात घातलं, वर त्याचं नाव लिहिलं, आणि पुढचं नाणं काढलं.